अवेळी दिलेली दाद

खोकं हातात आलं तेव्हा नशवाला वाटलं, कंपनीची मंडळी हेडफोन आत घालायलाच विसरली. वजनच नाही! उघडलं तर होता. राखाडी रंगाचा, दोन्ही कानांच्या वाट्या आत दुमडून मुठीएवढा झालेला. तिनं तो ओट्यावरच्या काट्यावर ठेवला. एकशे बारा ग्रॅम. मग त्याच्या जागी लसणाचे तीन गड्डे ठेवून पाहिले, तर ते जास्त भरले.

आता हेडफोनची लसणाशी तुलना करा, असं तिला कुणी सांगितलं होतं का? नाही. पण नशवाला लहानपणापासून असल्या गोष्टींची खाजच होती. म्हणून तर मन्सूरा शहरातल्या घरात बसून ती कैरोच्या एका वेबसाइटसाठी अशा वस्तू पारखून लिहायची. कंपनीवाले काय म्हणतात ते सोडा, वापरणाऱ्याला काय वाटेल ते लिहा, असा त्या कामाचा खाक्या. फॉर्मवर तीन चौकटी असत: रचना, आराम आणि आवाज.

रचनेची चौकट तिनं पहिल्याच दिवशी भरली. संध्याकाळची मालिका बघता बघता तिनं तो तीनशे वेळा दुमडला आणि उघडला. दोनशेच्या पुढे उजव्या बिजागरीचा 'टक्' थोडा बसका झाला, पण बिजागरी सैल पडली नाही. तारेचं टोक मात्र फोनमध्ये घट्ट बसत नव्हतं, तेही तिनं लिहिलं.

आरामाला दोन दिवस लागले. हेडफोन बनवणाऱ्यांच्या डोक्यात माणसाचं डोकं म्हणजे उघडं डोकंच असतं. आणि इथं निम्म्या बायका दिवसभर डोक्याला रुमाल बांधून हेडफोन लावतात, त्याचा कुणाला पत्ताच नाही! नशवानं घरात उघड्या डोक्यानं लावून बघितला, मग सुती रुमालावरून, मग क्रेपच्या रुमालावरून. क्रेपवरून तो दर दहा मिनिटांनी मागे घसरायचा. सुतीवर टिकायचा, पण कापडामुळे बारीक आवाज मरायचे, झांजा तर पार गायब व्हायच्या. कानावरची पिन वाटीखाली आली की दुखायचं ते वेगळंच. हे सगळं तिनं झकास लिहिलं. असं कुठल्याच पुरुषानं लिहिलेलं नाही, म्हणून स्वतःवर जरा खूशही झाली.

राहिली आवाजाची चौकट. आणि तिथं गाडी अडली.

"मागच्या चारही हेडफोनांना तू 'आवाज स्वच्छ आहे' असं लिहिलंयस," संपादकानं फोनवर सुनावलं होतं. "अगं बाई, आवाज आहे की धुतलेला टॉवेल? ह्या वेळी नीट लिही."

नीट म्हणजे कसं? नशवाला सगळंच छान ऐकू येत होतं. हा छान, कपाटातला जुना जाडजूड हेडफोनही छान, फोनचा स्पीकरही तसा छानच. कुठल्या छानमध्ये काय कमी आहे, ते कळायला कान लागतो. आणि तसा कान असलेला माणूस तिच्या घरातच बसला होता, बाल्कनीत, रस्त्याकडे पाठ करून. तिचे बाबा.

वगीह बरकात, निवृत्त भूगोल शिक्षक. शाळेतली पोरं त्यांचे नकाशे विसरली असतील, पण ऐकणाऱ्यांच्या मंडळीत त्यांचं नाव होतं. हाज शाझलींचं शर्ट शिवायचं दुकान शुक्रवारी बंद असायचं. दुपारची नमाज आणि जेवण उरकलं की तिथं चारपाच म्हातारे जमत आणि जुनी गाणी ऐकत. वीस वर्षं हा नेम. गाणं नुसतं ऐकायचं नसतं, त्याला दाद द्यायची असते. गाणारीनं ओळ फिरवत फिरवत वर नेली, खेळवली आणि अलगद मुक्कामाला आणून टेकवली, की त्या क्षणी ऐकणाऱ्याच्या तोंडून निघतं: "अल्लाह!" आधी नाही आणि नंतर नाही. नंतर म्हणालात तर तुम्हाला दुसऱ्याचं बघून कळलं. आणि आधी म्हणालात तर तुम्हाला काहीच कळलं नाही.

सात आठवड्यांपूर्वी बाबा आधी म्हणाले.

झालं असं की हाज शाझलींच्या मेव्हण्याकडे माळ्यावर एक टेप सापडली. जुन्या गायिका सित्त, म्हणजे बाई, वजीदा रस्लान ह्यांची, एकोणसत्तर सालची, इथल्याच जुन्या थिएटरातल्या मैफलीची. ही मैफल रेडिओवर कधी लागलीच नव्हती. सगळे मशिदीत बसावेत तसे बसले. एक ओळ बाई पुन्हा पुन्हा घेत होत्या. सातव्यांदा घेतली, आणि त्या मुक्कामाला पोहोचायच्या चांगल्या दोन श्वास आधी बाबा मोठ्यांदा म्हणाले, "अल्लाह!" एकटेच. मग बाई मुक्कामाला आल्या, टेपमधलं सगळं थिएटर ओरडलं, आणि तेव्हा कुठे बाकीच्यांनी दाद दिली.

"काय रे वगीह," उस्ताद रिफअत म्हणाले, "मायक्रोबस अजून स्टँडवरच आहे आणि तू उतरलासुद्धा?"

हसले सगळे. हाज शाझली तर टेबलावर हात आपटून हसले. उस्ताद रिफअत म्हणजे कोर्टातले जुने कारकून, बाबांचे चाळीस वर्षांचे दोस्त, आणि मंडळीत त्यांचा शब्द शेवटचा. कारण त्या मैफलीला ते स्वतः हजर होते. सतरा वर्षांचे असताना, चुलत्याबरोबर. "मी तिथं होतो," हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणत, की हाज शाझलींची इस्त्रीसुद्धा ते म्हणू शकली असती.

त्या दिवसापासून बाबा शुक्रवारी घरी. आधी गुडघा दुखतोय म्हणाले, मग ऊन फार आहे. शेवटी एकदा नशवानं खनपटीलाच बसून विचारलं, तेव्हा म्हणाले, "माझा कान गेला गं पोरी. डोळा गेला तर चष्मा आहे. कान गेलेल्या माणसानं तिथं जाऊन काय करायचं? लोकांचे ओठ बघून 'अल्लाह' म्हणायचं?" कानाच्या डॉक्टरकडे चला म्हटलं तर तेही नाही. घरातला रेडिओसुद्धा त्यांनी कपाटावर चढवून ठेवला. नशवाचा जीव तुटायचा. आई गेल्यावरही हा माणूस गाण्यावर तगला होता, आणि आता गाणंच नको म्हणतोय.

तर अशा माणसाच्या हातात तिनं हेडफोन दिला.

"बाबा, मला अडचण आहे. आवाजाची चौकट भरता येत नाहीये. तुम्ही ऐकून सांगा."

"बहिऱ्याला विचारतेस?"

"बहिरे असाल तर बहिऱ्याचं मत लिहीन. तेही कुणी लिहिलेलं नाही."

बाबांनी हेडफोन तळहातावर घेऊन वर-खाली केला. "हा एवढा हलका? आत काही घातलंय की नुसतं टरफल?" मग बिजागरी टक्-टक् करत बसले. चष्म्याच्या डबीचंही ते असंच करत. शेवटी कानाला लावला. चष्म्याच्या काड्या वाट्यांखाली आल्या, त्यांनी मान हलवून पाहिलं. "दाबत नाही. तो तुझा जाडा हेडफोन लावला की काड्या कवटीत घुसायच्या." नशवानं लगेच टिपून घेतलं.

तिनं त्यांच्या आवडीचं एक गाणं लावलं. चाचणीची युक्तीही तिनंच काढली होती: बाबा कुठे 'अल्लाह' म्हणतात त्याची वेळ लिहायची, आधी जाड्या हेडफोनवर, मग ह्या हलक्यावर. ज्याच्यावर दाद बरोबर जागी पडेल, तो खरा. असलं मोजमाप कुठल्या प्रयोगशाळेतही नसेल, म्हणून ती आतून उसळत होती.

बाबांची दाद सहाच्या सहा वेळा जागच्या जागी पडली. दोन्ही हेडफोनांवर.

"बघा!" नशवा ओरडली. "कुठे गेलाय कान?"

बाबांनी हेडफोन काढला. "वेडे, हे गाणं मला पाठ आहे. आवाज बंद करून लाव, तरी जागेवर म्हणेन. ह्यात कानाचा काय संबंध?"

युक्ती पार पाण्यात. पण म्हणणं खरंच होतं. पाठ नसलेलं गाणं हवं होतं, आणि बाबांना पाठ नाही असं बाईंचं गाणं आता उरलंय कुठे? एकच. त्या टेपमधलं.

नशवानं हाज शाझलींना मेसेज टाकला. त्यांनी ती टेप त्यांच्या नातीकडून फोनवर घेतली होती. पाच मिनिटांत पाठवून दिली आणि वर लिहिलं, "बाप येतोय का शुक्रवारी? त्याची खुर्ची कुणाला देत नाही मी."

"ती टेप नाही ऐकायची मला," बाबा म्हणाले आणि बाल्कनीत निघून गेले.

मग नशवानंच ऐकली. स्वयंपाकघरात, मुलुखियाची पालेभाजी निवडता निवडता, रुमाल काढून. आधी फोनच्या स्पीकरवर. सातव्या वेळची ओळ आली, मुक्काम आला, थिएटर ओरडलं. दोन श्वास आधीच्या जागेत तिला काहीही सापडलं नाही. मग जाडा हेडफोन. त्यात ढोल आणि गजानं वाजवायची मोठी वाद्यं अशी घुमत होती की बाईंचा आवाज त्यांच्या पलीकडून कुठून तरी येत होता. तिथंही काही नाही. मग हा हलका.

ह्यात ढोल बारीक झाला, अगदी कुपोषित. ही उणीवच, लिहायला हवी. पण ढोल बाजूला सरला तशा बाई पुढे आल्या. अगदी ओट्याच्या कडेला येऊन बसल्या म्हणा ना. सातवी वेळ. बाई वर गेल्या, वळल्या, आता टेकणार, आणि टेकायच्या दोन श्वास आधी त्यांनी आवाज कणभर खाली सोडला. पडला नाही, सोडला. जिन्यात अंधारात पाय एक पायरी खाली जावा आणि पोटात धस्स व्हावं, तेवढंच. मग उचलून सावकाश मुक्कामाला.

नशवाच्या हातातली पानं तशीच राहिली. तिनं मागे नेऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा पोटात धस्स. बाबा तिथंच म्हणाले होते! अगदी तिथंच!

तिसऱ्यांदा ऐकताना तिला आणखी काहीतरी लागलं. त्याच जागी, खूप मागे, बारीकसं. चौथ्यांदा तिनं खिडकी लावून घेतली. पाचव्यांदा गॅस बंद केला. एक आवाज होता. कुणातरी पोरसवद्याचा, कोवळा, फुटू घातलेला: "अल्लाह!" एकटाच. आणि त्याच्यामागोमाग खुर्ची सरकून आपटल्याचा आवाज.

तिनं सोळा वेळा ऐकलं. मुलुखिया तशीच राहिली आणि त्या दिवशी दोघांनी फूल, म्हणजे शिजवलेले घेवड्याचे दाणे, आणि पाव खाल्ला.

जेवण झाल्यावर तिनं बाबांना काही सांगितलं नाही, नुसता हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवला आणि म्हणाली, "एकदाच. माझ्या कामासाठी." नाही म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात बाई सुरू झाल्या. बाईंच्या मध्ये बोलायची बाबांची टाप नव्हती.

ते ऐकत राहिले. हात गुडघ्यांवर, डोळे मिटलेले. नशवा त्यांच्या ओठांकडे बघत होती. सातवी वेळ आली आणि बाबांच्या तोंडून, त्यांच्याही नकळत, निघून गेलं: "अल्लाह!"

त्याच जागी. आणि लगेच त्यांनी डोळे उघडले. दोन्ही हातांनी वाट्या कानांवर दाबल्या.

"हा कोण?"

"तुम्हाला ऐकू आला?"

"हा कोण माणूस? मागे नेऊन लाव. लाव म्हणतो ना!"

तिनं लावलं. बाबांनी तीनदा ऐकलं आणि मग हेडफोन गळ्यात उतरवून बसून राहिले. त्यांचा चेहरा बघून नशवाला हसावं की रडावं कळेना.

"पंचावन्न वर्षांपूर्वीसुद्धा कुणीतरी तिथंच म्हणालं," बाबा हळूच म्हणाले. "ह्याचाही कान गेला होता म्हणायचा का?"

"पोरसवदा आहे बाबा. त्या वयात कुणाचा कान जातो?"

"रिफअत म्हणेल, तोही मूर्खच होता."

"म्हणू दे ना. पण ऐकून म्हणू दे."

शुक्रवारी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि दोनदा दारातून परत फिरले, एकदा पाणी प्यायला आणि एकदा उगाचच. दुकानाजवळ आल्यावर म्हणाले, "नशवा, त्यानं पुन्हा हसवलं ना सगळ्यांना, तर मी पुन्हा कधी यायचा नाही. आधीच सांगून ठेवतो." तिच्या पर्समध्ये घडी घातलेला हेडफोन होता.

दुकानात कापडाचे तागे भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या. हाज शाझली चहा ओतत होते. बाबांना बघून त्यांनी किटली खाली ठेवली, गळाभेट घेतली, दोन्ही गालांचे मुके घेतले. उस्ताद रिफअत खरबुजाच्या बिया सोलत होते. उठले नाहीत.

"या, या! हे बघा कोण आलंय! वाटलं, भूगोलवाले रस्ता विसरले. बैस. आज तरी गाणं मुक्कामाला यायच्या आत उतरू नकोस म्हणजे झालं."

बाबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. नशवानं घाई केली.

"काका, मला तुमची मदत हवी. हा हेडफोन पारखायचाय. तुमच्यासारख्या जाणकाराचं मत मिळालं तर…"

"लोणी लावू नकोस," रिफअत म्हणाले, पण खूश झाले होते. "आणि मला नाही घालायचं ते कानात. गाणं चारचौघांत ऐकायचं असतं, पोरी. कानाला झाकणं लावून ऐकायचं म्हणजे दार लावून एकट्यानं जेवायचं. दाद कुणाला ऐकू जाणार? भिंतीला?"

"द्या इकडे, मी बघतो," म्हणत हाज शाझलींनी हेडफोन टोपीवरूनच चढवला. अर्धा मिनिट ऐकून म्हणाले, "या सलाम, वाहवा! डोक्यावर काही आहे असं वाटतच नाही. इस्त्री करताना घालता येईल." आणि उतरवून रिफअतपुढे धरला. "घाल की. कोर्टात कुणाचंही ऐकून घ्यायचास, ह्याचं पाच मिनिटं ऐक."

"कुठलं गाणं आहे?"

"त्या मैफलीचं," बाबा म्हणाले. दुकानात आल्यापासून पहिल्यांदाच बोलले. "तू होतास ना तिथं. एकदा असंही ऐक."

रिफअतनी त्यांच्याकडे बघितलं, बिया बाजूला ठेवल्या आणि हेडफोन लावला. त्यांचं डोकं मोठं, पट्टी शेवटपर्यंत ओढावी लागली. नशवानं गाणं सुरू केलं.

आता एक गोष्ट ह्या हेडफोनची: त्याच्या वाट्या कान पुरते झाकत नाहीत, म्हणून आवाज थोडा बाहेर झिरपतो. बसमध्ये शेजाऱ्याला त्रास. पण त्या दिवशी बरं झालं. बाई कुठपर्यंत आल्यात ते नशवाला बारीकसं कळत होतं. पाचवी वेळ. सहावी. रिफअत मान डोलवत होते, जाणकारासारखी. सातवी.

त्यांची मान थांबली.

त्यांनी फोनकडे बोट केलं: मागे. नशवानं मागे नेलं. पुन्हा तीच जागा, पुन्हा बोट: मागे. तिसऱ्यांदा त्यांचा हात वर गेला, आणि त्यांनी हेडफोनला नाही, त्याच्याखाली लोंबणाऱ्या आपल्या डाव्या कानाच्या पाळीला हात लावला, आणि तो तिथंच राहिला.

हाज शाझलींनी काहीतरी विचारलं, रिफअतना ऐकू गेलं नाही. मग त्यांनी हेडफोन उतरवला. दुमडायला गेले, जमेना. नशवानं हातातून घेतला.

"खुर्ची पडल्याचा आवाज आहे त्यात," रिफअत म्हणाले.

"आहे," बाबा म्हणाले. "आणि त्याआधी एक पोरगा."

"ती खुर्ची माझी."

चहाचे पेले तसेच.

"चुलत्यानं असा कान पिरगाळला की मी खुर्चीसकट खाली. सगळी ओळ वळून बघायला लागली. चुलता म्हणाला, मैफलीची बरकतच बुडवलीस, अब्रू काढलीस माझी, आणि तसाच कानाला धरून बाहेर घेऊन गेला. दार लागलं. मी व्हरांड्यात उभा. शेवटपर्यंत."

"थांब, थांब," हाज शाझली म्हणाले. "म्हणजे शेवटची ओळ बाईंनी अकरा वेळा म्हटली, टेपमध्ये कापलीय, लोक खुर्च्यांवर चढले, ते जे तू आम्हाला वीस वर्षं सांगतोस…"

"चुलत्यानं घरी येऊन सांगितलं ते." रिफअतनी तोंडावरून हात फिरवला. "मी तिथं होतो रे. पण दाराच्या बाहेर."

एरवी ह्या दुकानात एवढी मोठी शिकार हाती लागली असती, तर पुढची दहा वर्षं मंडळींनी तीच चघळली असती. हाज शाझलींच्या मिशा हलल्यासुद्धा. पण त्यांनी बाबांकडे बघितलं आणि पुन्हा किटली उचलली. टोमणा मारायचा पहिला हक्क आज बाबांचा होता, सात आठवड्यांचा.

बाबा पेल्यातला चहा ढवळत बसले. नशवाला वाटलं, बोला ना! वीस वर्षांचं उट्टं काढा! आणि वाटलं, नका बोलू.

"वगीह," रिफअत म्हणाले. "त्या दिवशी तू म्हणालास ना, तेव्हा माझ्याही तोंडात आलं होतं. तिथंच. ती आवाज सोडते ना खाली, तिथंच. मी गिळलं. आणि मग तुलाच हसलो. लाज वाटते मला, खरंच सांगतो."

बाबांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, परत घातला. "म्हणजे तिथं आहे ना काहीतरी?"

"आहे म्हणजे! तिथंच तर सगळं आहे. मुक्कामाला काय, कुणीही ओरडतं."

बाबांनी एक मोठा श्वास सोडला. सात आठवडे तो आत अडकून पडला होता, हे नशवाला आता कळलं. मग ते हाज शाझलींना म्हणाले, "मोठ्या स्पीकरवर लाव. सगळ्यांनी ऐकू या."

हाज शाझलींनी दुकानातल्या स्पीकरला फोन जोडला. लाकडी पेटीतला, जरा घोगरा. त्यात मागचा तो पोरगा ऐकू यायचा नाही, खुर्चीही नाही, नशवाला माहीत होतं. पण बाई होत्या. पहिली वेळ, दुसरी, तिसरी. सगळेच खुर्च्यांत पुढे सरकून बसले होते. बाबांचे डोळे मिटलेले नव्हते. ते रिफअतकडे बघत होते.

सहावी संपली. सातवी सुरू झाली. बाई वर गेल्या, वळल्या. नशवानं बाबांच्या ओठांकडे बघितलं. जागा आली, आणि बाबांनी ओठ घट्ट मिटून घेतले. मुद्दाम. तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं.

"अल्लाह!" रिफअत ओरडले. एकटेच, खणखणीत, बहात्तर वर्षांच्या आवाजात.

दोन श्वासांनी बाई मुक्कामाला आल्या, थिएटर ओरडलं, हाज शाझलींनी आपली दाद आपल्या जागी दिली. रिफअत मात्र बाबांकडे वळले होते. हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट, आता कुणीतरी येऊन कानाला धरून बाहेर नेईल तसे.

"ऐकलं मी," बाबा म्हणाले.